आधी दार मोजा, मग घर घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीच्या एका आईने विचारलंय की आठ वर्षांच्या लेकीला यंदा दिवाळीच्या किल्ल्याखाली ‘खरं वाटणारं गाव’ हवंय. मामा जर्मनीत असतो, त्याने प्लॅस्टिकची पंधरा-वीस छोटी घरं पाठवलीत, त्यांत एक चर्चही आहे. शिवाय सासऱ्यांच्या कपाटात निळ्या-पांढऱ्या चिनीमातीचं एक चिमुकलं घर सापडलं, त्याच्यावर आकडा आहे. ही घरं मातीच्या मावळ्यांबरोबर शोभतील का? आणखी कुठून, कोणती घ्यावीत? पावसाळ्यात कशी सांभाळावीत? पुढे याचा संग्रह करता येईल का?

संग्रह नक्की करता येईल. मी गेली तीस-पस्तीस वर्षं हेच करतोय. नोकरी बांधकामाचे नकाशे काढण्याची होती, त्यामुळे कुठलंही घर दिसलं की हात आधी फूटपट्टीकडे जातो. ती सवय इथे फार उपयोगी पडली. आमच्याकडे आजमितीला दीड-दोनशे घरं आहेत, आणि त्यांतली निम्मी मी चुकीची घेतली आहेत. चुकीची म्हणजे वाईट नव्हेत. एकेकटं घर हातात धरलं तर देखणं आहे, पण कुठल्याच गावात बसत नाही. म्हणून पुढची घरं घेण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवा: तुमच्या गावात दार किती मिलिमीटर उंच असणार, आणि त्या गावात साल कोणतं चालू आहे. एवढं ठरलं की दुकानात उभं राहिल्यावर हात आपोआप आवरतो.

दारापासून सुरू करू. घर लहान की मोठं हे त्याच्या एकूण उंचीवरून कळत नाही, कारण कुणी दोन मजली बांधतो, कुणी झोपडी. दार मात्र माणसासाठी असतं. ते साधारण दोन मीटरचं धरा आणि छोट्या घराच्या दाराची उंची मोजा. २३ मिलिमीटर भरली तर ते घर १:८७ प्रमाणाचं आहे, म्हणजे खऱ्याहून ८७ पट लहान. खेळण्यातल्या रेल्वेभोवती मांडायची जर्मनीतून आलेली बहुतेक घरं याच प्रमाणाची असतात, त्याला एचओ म्हणतात. हा १:८७ आकडा विचित्र दिसतो खरा. इंग्रजांच्या ‘ओ’ मापात एका फुटाला ७ मिलिमीटर धरत. त्याच्या निम्मे साडेतीन मिलिमीटर, म्हणून ‘हाफ ओ’, आणि हिशोब केला की १:८७ येतं. दार २६ मिलिमीटर असेल तर १:७६, म्हणजे ब्रिटिश ओओ. ३१ असेल तर १:६४, आपल्या हॉट व्हील्सच्या गाड्या साधारण या मापाच्या. साडेबारा मिलिमीटर निघालं तर १:१६०, आणि जेमतेम ९ असेल तर १:२२०. या शेवटच्या मापाची आगगाडी मेर्क्लिन कंपनीने १९७२ साली आणली. तिच्या गावातली माणसं मोहरीच्या तीन-चार दाण्यांएवढी असतात, ती आठ वर्षांच्या मुलीच्या हाती देऊ नका.

आता तुमचा मातीचा मावळा घ्या. कुंभारवाड्यातला नेहमीचा मावळा पायापासून पागोट्यापर्यंत तीन इंच, म्हणजे ७५ मिलिमीटर भरतो. साडेपाच फुटी माणूस ७५ मिलिमीटरचा झाला तर प्रमाण आलं १:२२. मामाची घरं १:८७ ची. म्हणजे मावळ्याचं माप घराच्या मापाच्या चौपट. तो त्या दारातून आत जाणार नाही, पाय लावला तर छप्पर मोडेल. महाराजांची मूर्ती तर मावळ्याहून मोठी असते, सिंहासनावर बसल्या बसल्या त्यांचा हात धुराड्याला लागेल. दरवर्षी किल्ल्यांवर हेच दिसतं: बुरुजापेक्षा पहारेकरी उंच, गुहेतला वाघ तोफेहून मोठा. मला स्वतःला ते आवडतं. लहानपणी आपण तसाच किल्ला पाहिला, आणि त्यात एक लाडिक वेडेपणा आहे. पण तुमच्या लेकीने ‘खरं वाटणारं’ असा शब्द वापरलाय, म्हणून हिशोब करावा लागतो.

गंमत अशी की मातीच्या मावळ्याला शोभणारी घरं जगात तयार मिळतात. १९६८ साली न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने बागेत चालणारी मोठी खेळण्यातली रेल्वे काढली, एलजीबी नावाची, प्रमाण १:२२.५. तिच्यासाठी पोला या नावाची घरं निघाली. त्यांचं दार जवळजवळ ९ सेंटीमीटर उंच असतं, आपला मावळा पागोटं सावरत सहज आत जातो. अडचण एकच, साधं एक मजली घरही फूटभर उंच होतं, आणि चार घरांत डोंबिवलीची गॅलरी संपते. शिवाय त्याच मापाने रायगड करायचा म्हटला तर त्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर, भागिले साडेबावीस, म्हणजे ३६ मीटर. बारा मजली इमारतीएवढा ढीग. १:८७ ने केला तरी तीन मजले. तेव्हा डोंगराच्या बाबतीत प्रामाणिकपणा सोडावाच लागतो. खोटं कुठे बोलायचं ते ठरवणं हीच या छंदातली निम्मी कारागिरी आहे.

खोटं बोलायची एक जुनी आणि सभ्य पद्धत आहे. पुढे मोठं, मागे लहान. अगदी पुढे, किल्ल्याच्या पायरीशी, मोठ्या मावळ्यांच्या मापाचं एकच घर किंवा नुसती एक ओसरी आणि तुळशीवृंदावन. मधल्या टप्प्यावर दोन इंची माणसं आणि तेवढ्या बेताची घरं. पार मागे, डोंगराच्या कुशीत, मामाची १:८७ ची घरं. डोळा त्यांना ‘लांबची वाडी’ समजतो. आगगाडीच्या देखाव्यांत हेच करतात. नेपल्समध्ये सान ग्रेगोरिओ आर्मेनो या गल्लीत नाताळच्या देखाव्याची घरं आणि माणसं विकतात, तिथेही लहान मापाच्या मूर्ती मागच्या डोंगरावर ठेवण्यासाठी असतात. आपल्याकडे वसईत आणि गोव्यात नाताळचे गोठे करणाऱ्या हातांनाही हे कुणी शिकवावं लागत नाही. एकच पथ्य पाळा. दोन मापांच्या मध्ये काहीतरी आड यायला हवं, एखादी टेकडी, झाडांची रांग, निदान अळिवाचं उंच वाढलेलं गवत. दोन मापं शेजारी शेजारी आली की सोंग उघडं पडतं. आणि मागची घरं जरा फिकी हवीत. त्यांच्यावर पातळ पांढरट मातीचा हात फिरवला की अंतर वाढल्यासारखं वाटतं.

दार मोजताना एक फसगत होते, ती सांगून ठेवतो. आपल्या जुन्या घरांची दारं ठेंगणी असत, वाकूनच आत जावं लागे. आणि वाड्याचा मोठा दरवाजा हत्ती-अंबारीच्या हिशोबाचा असे, त्यातलं छोटं दार, म्हणजे दिंडी, माणसाच्या हिशोबाचं. म्हणून वाडा मोजताना दिंडी मोजा. देवळात गाभाऱ्याचं दार मोजू नका, पायरी मोजा. पायरी सगळीकडे वीतभरापेक्षा जराशी कमीच असते, १:८७ मध्ये ती सुमारे २ मिलिमीटर होते.

आता साल. माझ्या पहिल्या दहा वर्षांतल्या चुका सगळ्या इथल्या आहेत. इंग्लंडमध्ये बीकन्सफील्डला बेकॉन्स्कॉट नावाचं छोटं गाव आहे, १९२९ साली उघडलेलं, प्रमाण १:१२. सुरुवातीला ते काळाबरोबर बदलत गेलं, नव्या धर्तीच्या इमारती आल्या, विमानंही नवी आली. शेवटी १९९२ साली त्यांनी ठरवलं की पुरे झालं, गाव पुन्हा १९३० च्या दशकात न्यायचं. त्या निर्णयामुळेच ते आज बघण्यासारखं राहिलंय. तुम्हीही असंच करा. किल्ला रायगड असेल तर खालचं गाव पाचाड, साल १६७४. म्हणजे राज्याभिषेक झालाय किंवा व्हायचाय, आणि जिजाऊंचा वाडा खाली पाचाडातच आहे. वाड्याच्या आवारात तक्क्याची विहीर आहे. तिच्या काठावर टेकून बसायला दगडी तक्क्या आहे, म्हणून हे नाव. ही विहीर लेकीला करायला सांगा, कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या घरापेक्षा ती पाचाडची जास्त ओळख देईल.

साल १६७४ ठरलं की बरीचशी खरेदी आपोआप रद्द होते. विजेचे खांब गेले. खिडक्यांच्या काचा गेल्या. धुराडी गेली, आपल्याकडे धूर कौलांतून आणि गवतातून निघून जात असे. बाजारात मिळणाऱ्या ‘कोकणी घरां’ची लाल चपटी कौलंही जातात, हे बहुतेकांना माहीत नसतं. ती मंगलोरी कौलं, आणि बाझल मिशन या ख्रिस्ती संस्थेचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ चा. शिवकाळातल्या गावावर ती घातली तर तुम्ही जवळजवळ दोनशे वर्षं पुढे गेलात. त्या गावात गवताने शाकारलेली घरं हवीत, फार तर नळीची कौलं. भिंती कुडाच्या, कारवीच्या काठ्यांवर माती-शेण लिंपलेल्या. घाटावरचा किल्ला केलात तर याच्या उलट, पाऊस कमी असलेल्या भागात धाब्याची सपाट छपरं करता येतील. ती पुठ्ठ्याच्या डब्यावर माती थापली की झाली, मुलांसाठी याहून सोपं घर नाही.

हे ऐकून मामाची घरं निरुपयोगी वाटतील, तसं नाही. बर्फ घसरून पडावं म्हणून जर्मन घरांची छपरं उभी उतरती असतात, आणि कोकणच्या पावसालाही उतरतंच छप्पर लागतं. म्हणजे सांगाडा जुळतो, फक्त टोपी बदलायची. जाड कागदाचं छप्पर घराच्या छपरावर सैल बसेल असं दुमडा, त्यावर फेव्हिकॉल लावून बारीक कातरलेला काथ्या उताराच्या दिशेने चिकटवा, वाळला की कडा कात्रीने सारख्या करा. ही टोपी घरावर नुसती ठेवायची, चिकटवायची नाही. भिंतींभोवतीही तसाच मातकट रंगवलेला कागदी पट्टा. धुराडं टोपीखाली झाकलं जातं, बाल्कनीतली फुलं पट्ट्यामागे जातात. दिवाळी संपली की टोप्या उतरवा, घर पुन्हा श्वार्झवाल्डचं, म्हणजे जर्मनीतल्या जंगलपट्टीतलं. मूळ घरावर रंग मारायचा, धुराडं कापायचं, हे मात्र करू नका. ते पाप मी केलंय. १९६० च्या सुमाराचं एक लाकडी फळ्यांचं पाणचक्कीघर होतं, त्याला मी हौसेने गेरू फासला. आता त्याच्याकडे बघवत नाही.

ती घरं कोणाची आहेत हे तळाला बघा. चार-पाच नावांपैकी एक असण्याचीच शक्यता जास्त. फालर म्हणजे श्वार्झवाल्डमधलं ग्यूटेनबाख गाव, दोन भावांनी १९४६ साली सुरू केलेली कंपनी. फोल्मर श्टुटगार्टची, तीही युद्धानंतरचीच. किब्री सर्वांत जुन्यांपैकी, १८९५ ची. आता फोल्मर आणि किब्री ही दोन्ही नावं फीसमान या एकाच कंपनीकडे आहेत. औहागेन सॅक्सनीतली, म्हणजे बर्लिनची भिंत पडेपर्यंत पूर्व जर्मनीतली. तळाला ‘वेस्ट जर्मनी’ असा ठसा असेल तर घर १९४९ ते १९९० या काळातलं समजा, मामाने ते जुन्या बाजारातून उचललेलं आहे. तसं असेल तर त्याला विचारा की डबा आणि जोडणीचा कागद आहे का. संग्राहक त्या कागदासाठी जीव टाकतात. न जोडलेला, पाकिटं न फोडलेला संच जोडलेल्या घराहून नेहमी महाग जातो. मला हे कधी पटलं नाही, घर हे बांधायलाच असतं. पण बाजार माझं ऐकत नाही.

जुन्या जपानी पुठ्ठ्याच्या घरांबद्दलही दोन वाक्यं, कारण भंगाराच्या ढिगात ती क्वचित दिसतात. महायुद्धाआधी जपानने अमेरिकेच्या नाताळासाठी रंगीत, चकचकीत भुकटी लावलेली पुठ्ठ्याची घरं ढिगाने केली. पेन्सिल्वेनियातले मोरेव्हियन पंथाचे लोक झाडाखाली जो गावाचा देखावा मांडतात त्याला ‘पुट्झ’ म्हणतात, त्यावरून या घरांनाही तेच नाव पडलं. तळाला ‘ऑक्युपाइड जपान’ असं असलं तर ते घर युद्ध संपल्यापासून १९५२ साली अमेरिकी ताबा उठेपर्यंतच्या काळातलं. आपल्या हवेत अशी घरं टिकत नाहीत. मी दोन आणली होती, दोन्ही कसरीने खाल्ली.

सासऱ्यांच्या कपाटातलं निळं-पांढरं घर ओळखायला मात्र अवघड नाही. ते बहुधा केएलएम या डच विमान कंपनीचं असणार. १९५२ पासून ही कंपनी वरच्या वर्गाच्या प्रवाशांना डेल्फ्ट धर्तीचं चिनीमातीचं एक घर भेट देते, आत जिनिव्हर नावाचं डच मद्य असतं आणि धुराड्याशी बूच. बहुतेक घरं हॉलंडमधल्या एखाद्या खऱ्या इमारतीवरून केलेली आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक आहे. कंपनी १९१९ ची, दरवर्षी ७ ऑक्टोबरला वाढदिवशी नवं घर निघतं, आणि १९९४ पासून घरांचा आकडा कंपनीच्या वयाशी जुळता ठेवलाय. सासरे कधी ॲमस्टरडॅमच्या विमानाने गेले होते का विचारा, कदाचित एक सुरस गोष्टही मिळेल. बूच उघडू नका, लाखेचं सील असेल तर ते जपा. मात्र हे घर गावात ठेवू नका. ही सगळी घरं उंचीला जवळपास सारखी, दहा सेंटीमीटरच्या आसपास केलेली असतात. खरी इमारत तीन मजली असो की पाच, भेटवस्तूची उंची तेवढीच. त्यामुळे दोन घरांची दारंसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. हा कपाटातला संग्रह आहे. कपाटातल्या संग्रहाचे नियम निराळे: क्रमांक पुरे करायचे, टवका उडालेलं घ्यायचं नाही. गावाच्या संग्रहात टवका उडालेलं घर मला उलट आवडतं, ते आधीच जुनं झालेलं असतं.

आणखी कुठून घ्यावं? पहिल्या वर्षी घरं घेऊच नका, असं माझं म्हणणं. लोक घरं, घरं आणि घरंच घेतात, आणि मग मांडल्यावर ती गृहनिर्माण संस्था दिसते. गाव घरांच्या मधल्या जागेत असतं. वेस, पार, पाराखाली मारुतीचं देऊळ, चावडी, विहीर, गोठा, खळं, पेंढ्याची उडवी, लोहाराची भट्टी, कुंभाराचा आवा, आणि एक उकिरडा. उकिरडा विसरू नका. तो ठेवला की बघणारा माणूस हसतो आणि गावावर विश्वास ठेवतो. वेस केलीत तर लेक एक दिवस विचारेल की वेशीबाहेर कोण राहायचं आणि का. त्याचं उत्तर खरं द्या.

यातलं बरंचसं पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात दिवाळीआधी मिळतं. गवळण, भाजीवाली, जात्यावरची बाई, विहीर, क्वचित देऊळही. जाताना फूटपट्टी न्या आणि सगळी माणसं एकाच ढिगातून निवडा. दोन दुकानांतले मावळे वेगवेगळ्या साच्यांतले असतात, घरी आल्यावर एक दुसऱ्याच्या खांद्याला लागतो. प्लॅस्टरची माणसं मातीच्या माणसांपेक्षा हलकी आणि पाण्याला घाबरट. किल्ल्याला पाणी घालताना पायापासून त्यांचे रंग सुटतात, म्हणून त्यांच्या बुडाला आधीच वॉर्निशचा हात द्या. जुन्या वस्तूंसाठी पुण्याचा जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी, आणि मुंबईचा चोर बाजार. चोर बाजारात घर वेगळं मागू नका. ‘रेल्वेचं खेळणं’ म्हणून विचारा, कारण घरं बहुतेकदा फुटक्या आगगाडीच्या खोक्यात तळाशी असतात, आणि खोकं अख्खं घेतलं तरच स्वस्त पडतं. मला एकदा दीडशे रुपयांत इंजिन नसलेली गाडी, सात घरं आणि एक सिग्नल मिळाला होता. सावंतवाडीला गेलात तर चितार आळीत जरूर जा, पण गावासाठी नव्हे. तिथल्या लाकडी पेरूशेजारी तुमचं १:८७ चं घर ठेवलं तर पेरू घराएवढा दिसेल.

परदेशातून टपालाने मागवण्याचं गणित बिघडलेलं आहे. खेळण्यांवरची आयात जकात २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. तेव्हा मामा सुट्टीला येईल तेव्हा बॅगेत आणू दे, आणि जोडलेल्या घरांऐवजी चपट्या डब्यातले न जोडलेले संच आणू दे. जागा कमी, मोडतोड नाही, आणि जोडायची मजा लेकीला. जोडताना प्लॅस्टिकचा पातळ डिंक वापरतात, तो पृष्ठभाग किंचित विरघळवून सांधतो. हा डिंक थर्माकोलला लागला तर थर्माकोल डोळ्यांदेखत खड्ड्यात जातो, दोन्ही मुळात पॉलिस्टायरीनच. थर्माकोलचं तसंही नाव काढू नका, आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. डोंगर विटा, गोणपाट आणि मातीचाच करा. खिडकी उघडी ठेवा, डिंक तुम्ही लावा, लेकीने भाग धरायचे.

शिवकाळातलं मराठी घर तयार संच म्हणून माझ्या पाहण्यात आलेलं नाही, ते हातानेच करावं लागतं. नळीच्या कौलांसाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा ओला करून वरचा कागद सोलून काढा. आतल्या नाल्या उघड्या पडतात. त्यांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून खालून वर, एकावर एक जराशा चढवत लावा आणि गेरूत थोडी राख मिसळून रंगवा. एकसारखा लाल रंग देऊ नका. आणि कौलांची ओळ सरळ ठेवायचा अट्टहास नको, जुनं छप्पर मध्यावर थोडं खचलेलंच असतं. घराचा आतला भाग रिकामा ठेवा आणि दार उघडं. दिवाळीत आत छोटा पिवळा एलईडी ठेवला की सगळं गाव जिवंत होतं. पणती आत ठेवायचा मोह आवरा, काथ्या क्षणात पेटतो. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. लेकीला तिथे नेलंत तर घरं, रस्ते आणि दिवे एका मापात राहिले की काय होतं ते तिला सांगावं लागणार नाही. दिवे मालवून रात्र करतात तेव्हा तिला पुढच्या बाजूला उभी करा.

आता सांभाळणं. इथे माझा सर्वांत महागडा धडा आहे. कसर लागू नये म्हणून मी एका जूनमध्ये घरांच्या खोक्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या, पत्र्याचं झाकण घट्ट लावलं आणि खोकं माळ्यावर चढवलं. दसऱ्याला उघडलं तर वरच्या थरातली चार छपरं मऊ होऊन एकमेकांना चिकटली होती, एका खिडकीची नक्षी पुसून गेली होती. त्या गोळ्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बायको म्हणाली, कसर निदान हळूहळू खाते.

तेव्हा डांबराच्या गोळ्या नकोत. मऊ, लवचीक, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही नकोत. त्यांतलं तेलकट द्रव्य सुटून कडक प्लॅस्टिकला खातं. याच कारणाने खेळण्यातल्या गाडीची मऊ टायरं घराच्या अंगणाला टेकून वर्षभर ठेवली की तिथे खळगा पडतो. रबरबँड चिकटतं, सेलोटेप पिवळी पडून रंग उचलते, फुग्यांचं प्लॅस्टिक थेट गुंडाळलं तर रंगावर गोल ठसे उमटतात. प्रत्येक घर जुन्या, धुतलेल्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा. नव्या कापडाची खळ कसरीला आवडते, म्हणून धुतलेलंच. मग झाकणाच्या कडक डब्यात एकच थर, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घेतलंत तर ओल कधी भरली ते दिसतं. तव्यावर मंद आचेवर परतलं की ते पुन्हा कोरडं होतं, पण तो तवा मग स्वयंपाकाला वापरू नका. डोंबिवलीच्या दमट हवेत डबा माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी होते आणि पातळ भिंती वाकतात. कपाटाचा मधला कप्पा उत्तम. कागदी आणि लाकडी घरं ऑगस्टमध्ये एखाद्या कोरड्या दिवशी उघडून पंख्याखाली ठेवा, उन्हात नव्हे.

किल्ल्याचा ओलावा ही वेगळी कटकट. अळीव आणि मोहरी उगवायला रोज पाणी शिंपडावं लागतं, आणि पुठ्ठ्याची भिंत ते खालून शोषते. प्रत्येक घराखाली फरशीचा किंवा सनमायकाचा तुकडा बैठक म्हणून द्या आणि तो मातीने झाका. घरं शेवटच्या दिवशीच मांडा, गवत वर आल्यावर.

लेकीसाठी दोन डबे करा. एकात खेळायची घरं, ती मोडली तर मोडली. दुसऱ्यात तुम्ही दोघींनी मिळून काढायची. जुन्या शिशाच्या माणसांना आणि गाड्यांना पहिल्या डब्यात जागा नाही, त्यांच्या रंगातही शिसं असू शकतं. मला विचाराल तर एकाच प्रकारची दोन घरं मिळाली की दोन्ही घ्या, एक एका डब्यासाठी, दुसरं दुसऱ्या. मुलांना ‘हात लावू नको’ म्हणत ठेवलेला संग्रह पुढे मुलंच भंगारात देतात, हे मी दोन-तीन घरांत पाहिलंय. अशी खोकी मग मीच जुन्या बाजारातून घेऊन आलोय.

उरलं ते चर्च. पाचाडला ते नकोच, पण नाताळात ते वेगळं मांडता येईल, खाली कापसाचं बर्फ आणि मामाची बाकीची घरं टोप्या उतरवून भोवती. तेव्हा साल १६७४ राहणार नाही, ते लेकीनेच ठरवायचं. फक्त ते बाकीच्या घरांच्या मापाचं आहे का बघून घ्या. चर्चचं मोठं दार मोजू नका, ते वाड्याच्या दरवाजासारखंच फसवं. बाजूला पाद्र्याचं छोटं दार असतं, ते मोजा. नसलं तर पायरी. २ मिलिमीटरच्या आसपास भरली तर ठीक. ३ भरली तर मामाला कळवा की दुसरं पाठव, आणि हे गोठ्याच्या देखाव्यात पुढे ठेवा.